केंदाळ, डास, उंदीर आणि आपण : परिसंस्थेचा पहिला धडा



आमच्या विहारात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. वंदना झाली की अर्धा तास आरोग्याचा असतो आणि तो आम्ही घेतो. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत हा अर्धा तास विहारात न घेता मुलांना पंचगंगेच्या घाटावर नेले. पाणी कमी होते आणि काठाने केंदाळाचा हिरवागार गालिचा पसरला होता. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "केंदाळ म्हणजे झाडच की. शाळेत सांगतात झाडं लावा, झाडं ऑक्सिजन देतात. मग हे काढून टाका असं का म्हणत्यात?"

दुसरा एक मुलगा म्हणाला, "डास होत्यात म्हणून." लगेच तिसऱ्याचा प्रश्न आला, "मग आपल्या घरात तर केंदाळ नाही, तरी डास का होत्यात?"

प्रश्न साधे होते, पण उत्तर एका वाक्यात देता आले नाही. त्यासाठी नदी, गटार, ऊस, मासा, डास आणि माणूस हे सगळे एकत्र पाहावे लागले. या महिन्याचे आरोग्याचे पान त्या वर्गाचीच उजळणी आहे. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून ती आताच करणे बरे.

परिसंस्था म्हणजे काय?

सजीव एकमेकांशी आणि भोवतालच्या माती, पाणी, हवा, ऊन यांच्याशी कसे बांधलेले आहेत याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला परिस्थितिकी म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये या शास्त्राला नाव दिले. ते त्यांनी 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवले. म्हणजे हे शास्त्र घराचेच आहे. फक्त या घरात माणसाबरोबर बेडूक, बगळा, बुरशी आणि जंतूही राहतात.

एका जागेतले सगळे सजीव आणि तिथले निर्जीव घटक मिळून जी व्यवस्था बनते ती परिसंस्था. ही कल्पना इंग्लंडचे आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली. रंकाळा ही एक परिसंस्था आहे, उसाचे रान ही एक आहे, राधानगरी-दाजीपूरचे जंगलही एक आहे. आपल्या गल्लीतले उघडे गटार हीसुद्धा परिसंस्थाच आहे. तिथेही कोणी खातो, कोणी खाल्ला जातो आणि कोणी कुजवतो.

या परिसंस्था एकमेकींपासून तुटलेल्या नसतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या पश्चिमेच्या डोंगरातून येतात. प्रयाग चिखलीच्या संगमापुढे त्यांची पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेत मिसळते. वाटेत शहराचे नाले, उसाची राने आणि कारखान्यांचे पाणी तिला मिळते. डोंगरात, शेतात आणि शहरात जे घडते त्याचा हिशेब शेवटी नदीत उतरतो आणि नदीकाठच्या घरात आजार होऊन येतो.

बनवणारे, खाणारे आणि कुजवणारे

कोणत्याही परिसंस्थेत तीन प्रकारची कामे चालतात.

पहिले उत्पादक. शेवाळ, गवत, ऊस, झाडे या हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरून अन्न तयार करतात. बाकी सगळे जीव यांच्या जिवावर जगतात.

दुसरे भक्षक. शेवाळ खाणारा पाण्यातला बारीक किडा, किडा खाणारा लहान मासा, लहान मासा खाणारा मोठा मासा आणि तो मासा खाणारा खंड्या, पाणकावळा किंवा माणूस. या क्रमाला अन्नसाखळी म्हणतात. प्रत्यक्षात एक मासा दहा गोष्टी खातो आणि त्याला दहाजण खातात, म्हणून अशा अनेक साखळ्या गुंतून अन्नजाळे होते.

या साखळीचा एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सुमारे दहा टक्केच ऊर्जा पोहोचते. उरलेली हालचाल, श्वसन आणि उष्णता यांत खर्च होते. ढोबळ हिशेबाने हजार किलो शेवाळावर शंभर किलो किडे, त्यांवर दहा किलो लहान मासे आणि त्यांवर एक किलो मोठा मासा पोसतो. म्हणूनच घुबडे, साप, घारी, बिबटे हे वरचे भक्षक नेहमी संख्येने थोडे असतात. थोडे असल्यामुळे ते लवकर संपतात, आणि ते संपले की खालचे बेसुमार वाढतात.

तिसरे विघटक. जिवाणू, बुरशी, गांडुळे. पडलेले पान, मेलेले जनावर, शेण, मैला हे सगळे कुजवून ते त्यातली द्रव्ये मातीला आणि पाण्याला परत देतात. हे नसते तर जमिनीवर मढ्यांचा आणि पाचोळ्याचा ढीग साचला असता आणि नव्या रोपाला खायला काही उरले नसते. जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो, पण बहुतेक जंतू रोग देत नाहीत. ते हेच कुजवण्याचे काम करत असतात.

जीवाजीवांची नाती

एका ठिकाणी राहणारे जीव एकमेकांशी वेगवेगळ्या नात्यांनी बांधलेले असतात. आपल्या भागातलीच उदाहरणे घेऊ.

दोघांचाही फायदा : भुईमुगाचे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात देतात आणि रोप त्यांना साखर देते. या नात्याला सहजीवन म्हणतात. ऊस काढल्यावर भुईमूग, हरभरा यांसारखे द्विदल पीक घेतले की रानाला बळ येते, ते याचमुळे.

एकाचा फायदा, दुसऱ्याचे काही जात नाही : म्हैस गवतातून चालते तेव्हा किडे उडतात आणि मागून चालणारा गायबगळा ते टिपतो. बगळ्याचे पोट भरते, म्हशीचे काही बिघडत नाही.

एक खातो, दुसरा मरतो : घुबड आणि उंदीर, बेडूक आणि डास, चतुर आणि डास. हे भक्षक आणि भक्ष्याचे नाते.

एक दुसऱ्याच्या जिवावर जगतो : आंब्यावरचे बांडगूळ, कुंपणावरची पिवळी अमरवेल, पोटातले जंत. यांना परजीवी म्हणतात. परजीवी सहसा यजमानाला लगेच मारत नाही, त्याला शोषत राहतो. अंकुशकृमीची अळी ओल्या, मैला मिसळलेल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. मूल फिकट पडते, दमते, अभ्यासात मागे राहते. घरचे म्हणतात, "पोरगं आळशी आहे." पोर आळशी नसते, त्याच्या वाट्याचे रक्त दुसराच पीत असतो. शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती यासाठीच. ती चुकवू नये.

दोघेही एकाच गोष्टीसाठी झगडतात : उसातली हराळी, लव्हाळा आणि ऊस यांना तेच पाणी, तेच खत, तेच ऊन हवे असते. ही स्पर्धा.

ही पाच नाती समजली की पुढचे सगळे सोपे आहे.

केंदाळाचे कोडे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आणली गेली. तिच्या मूळ देशात तिला खाणारे किडे आहेत, त्यामुळे ती आटोक्यात राहते. इथे आली तेव्हा ते किडे मागेच राहिले. खाणारा कोणी नाही आणि खायला मात्र भरपूर, अशी तिची स्थिती झाली.

हे भरपूर खायला कुठून आले? शहराच्या सांडपाण्यातून आणि रानातून वाहून आलेल्या खतातून. मैल्यात आणि युरियात नायट्रोजन असतो, मैल्यात आणि साबण-सोड्यात फॉस्फरस असतो. हेच वनस्पतीचे खत. जे पाणी माणसाला घाण वाटते ते केंदाळाला सकस जेवण असते. असे खत आणि भरपूर ऊन मिळाले की एक-दोन आठवड्यांत केंदाळ दुप्पट होते. आज घाटाजवळ एक खोली भरेल एवढे असेल तर महिना-दोन महिन्यांत ते अख्खे पात्र का झाकते, ते यावरून कळेल.

आणि ऑक्सिजनचे काय? केंदाळाची पाने पाण्याच्या वर असतात. ती ऑक्सिजन सोडतात तो वरच्या हवेत. खालच्या पाण्याला तो मिळत नाही. उलट पानांच्या जाड थरामुळे पाण्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे पाण्यातले शेवाळ ऑक्सिजन तयार करू शकत नाही. वारा पाण्याला लागत नाही, त्यामुळे हवेतला ऑक्सिजनही पाण्यात कमी मिसळतो. खाली केंदाळाची जुनी पाने कुजतात आणि कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात. वर हिरवेगार, खाली गुदमरलेले, अशी ही हिरवळ असते.

म्हणून आम्ही त्या मुलीला सांगितले, झाड चांगले की वाईट असा प्रश्नच नसतो. ते झाड कुठे आहे, त्याला कोण खाते आणि ते काय खाते, हे विचारायचे असते.

केंदाळ काढणे गरजेचे आहे, पण नुसते काढून भागत नाही. काढून काठावरच टाकले तर ते तिथे कुजते आणि पावसात त्यातले खत पुन्हा नदीत जाते. ते दूर नेऊन त्याचे कंपोस्ट करावे. आणि नाल्याचे पाणी शुद्ध न होता नदीत जात राहिले, तर दर उन्हाळ्यात केंदाळ परत येणारच. केंदाळ हे दुखणे नाही, दुखण्याची खूण आहे.

मासे मरतात तेव्हा नदी काय सांगते

तेरवाड किंवा शिरोळच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. लोक म्हणतात, विष सोडले असेल. कधी तसेही असू शकते. पण विष नसतानाही मासे मरू शकतात. सांडपाणी किंवा मळीचे पाणी नदीत आले की ते कुजवण्यासाठी जिवाणूंची संख्या एकदम वाढते. त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो ते पाण्यातून घेतात. उन्हाळ्यात पाणी कमी, तापलेले आणि बंधाऱ्याला अडलेले असते. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. शेवटी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घ्यायला धडपडतात आणि मरतात.

ज्या पाण्यात मैला मिसळला आहे त्यात माणसाच्या आतड्यातले रोगजंतूही असतात. त्यांच्यामुळे गॅस्ट्रो, विषमज्वर आणि कावीळ होते. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती आणि माणसे दगावली होती. दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईला फार धोक्याची असते. पाइप गटारातून जात असेल आणि फुटका असेल, तर नळाला पाणी नसण्याच्या वेळात गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पावसाळ्यात नळाला पहिले पाणी गढूळ आले तर ते सोडून द्यावे. पिण्याचे पाणी उकळावे, चांगली उकळी फुटू द्यावी. मेलेले मासे फुकट मिळतात म्हणून आणून खाऊ नयेत.

घरात केंदाळ नाही, तरी डास का?

कारण सगळे डास एका जातीचे नसतात. प्रत्येकाची जागा वेगळी असते.

मॅन्सोनिया जातीच्या डासाच्या अळ्या केंदाळासारख्या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून तिथूनच हवा घेतात. क्युलेक्स डास गटाराच्या घाण पाण्यात वाढतो. हत्तीरोग पसरवतो तो हाच. हिवताप पसरवणारा ॲनाफिलिस साठलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आणि डेंग्यू, चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. बॅरल, हौद, कुलरची टाकी, फ्रिजमागचे भांडे, कुंडीखालची बशी, छतावरचा टायर, नारळाची करवंटी या त्याच्या जागा. तो दिवसा चावतो.

नदीत, तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे असतात : लहान मासे, चतुराची पिले, बेडकाच्या काही जाती. घरातल्या बॅरलमध्ये यांतले कोणीच नसते. केंदाळाची आणि एडिसची गोष्ट सारखीच आहे. खाणारा नसेल तर संख्या वाढतेच.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. पाणी ओतून टाकायचे आणि भांडे आतून घासायचे. नुसते ओतून चालत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. घासली तरच निघतात.

आरोग्य कर्मचारी हौदात सोडायला गप्पी मासे देतात. ते अळ्या खातात, जरूर सोडावेत. पण उरलेले गप्पी मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. तेही बाहेरदेशचे आहेत आणि आपल्या लहान माशांशी स्पर्धा करतात. एका पाहुण्याने केलेले नुकसान आपण केंदाळात पाहतोच आहोत.

उंदीर वाढले तर कोण घटले?

उंदराच्या मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिले होतात, एका वेळी सहा ते दहा. एवढे सगळे जगले तर गाव उंदरांचेच होईल. ते होत नाही कारण धामण, नाग, घुबड, मुंगूस, मांजर त्यांना खातात. पण आपण धामण दिसली की काठी घेतो. धामण बिनविषारी आहे आणि उसाच्या रानात उंदरांवर तिचा मोठा वचक असतो. घुबड दिसले की अशुभ म्हणून हाकलतो. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-तीन उंदीर सहज खाते. उंदीर खाणारा पक्षी अशुभ कसा? हे ज्याला पटते त्याने आपल्या बुद्धीला एकदा तरी विचारावे.

दुसरीकडे उंदरांना खायला आपणच घालतो. उघड्यावरचे खरकटे आणि न उचललेला कचरा म्हणजे त्यांची पंगत. भक्षक घटले आणि अन्न वाढले, की संख्या वाढते.

पुढचा दुवा पुराचा आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पूर आला की उंदरांची बिळे बुडतात आणि त्यांचे मूत्र पुराच्या पाण्यात, चिखलात मिसळते. त्यात लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू असू शकतात. ते पायाच्या भेगेतून, जखमेतून, डोळ्यांतून शरीरात शिरतात. जोराचा ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ आणि मूत्रपिंडावर परिणाम ही लेप्टोची लक्षणे. वेळेत औषध मिळाले तर रोगी बरा होतो. पुराच्या पाण्यात किंवा चिखलात वावर झाला असेल आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपण होऊन सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होते.

साप चावला तर धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये आणि सापाची लस असलेल्या दवाखान्यात न्यावे. कोल्हापूर शहरात सीपीआर आहे. करकचून बांधू नये, कापू नये, चोखू नये. मांत्रिकाकडे तर अजिबात नेऊ नये. तिथे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

गिधाडे गेली तेव्हा काय झाले

अन्नजाळ्यातला एक धागा तुटला तर काय होते याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा थोड्याच वेळात हाडांपर्यंत साफ करत असे. १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक संख्या संपली. कारण बरीच वर्षे कळत नव्हते. ते कळले २००४ च्या सुमारास. आजारी जनावरांना वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक देत असत. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. जनावरांसाठी या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली.

पण तोवर मढी पडून राहू लागली. ती खायला भटकी कुत्री आली आणि वाढली. कुत्री वाढली तशी चावण्याची आणि रेबीजची भीती वाढली. कुजणाऱ्या मढ्यांतले जंतू पाण्यात गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन अर्थशास्त्रज्ञांनी अंदाज मांडला, की २००० ते २००५ या काळात गिधाडे गेल्यामुळे भारतात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले. ज्या पक्ष्याला आपण शिवीसारखे वापरतो, तो एवढ्या माणसांचे आयुष्य राखत होता.

कुत्रे चावले तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी आणि सगळे डोस पुरे करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, लस मात्र वाचवते.

एक गैरसमज इथेच दूर करू

हा धडा शिकवताना एक धोका असतो. निसर्गात प्रत्येकाचे काम ठरलेले आहे, गिधाडाने मढे साफ करायचे, विघटकाने कुजवायचे, असे ऐकले की कोणी म्हणते, "मग समाजातही प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेलेच बरे, त्यातच समतोल." वर्गात एका मोठ्या मुलाने हे ऐकलेले आम्हाला सांगितले. म्हणून त्याचे उत्तर इथे देणे भाग आहे.

गिधाड आणि कावळा या वेगळ्या जाती आहेत. जीवशास्त्रात जात म्हणतात ती ही. गिधाडाचे पोट, चोच, पिसे नसलेली मान हे सगळे लाखो वर्षांत मढे खाण्यासाठी घडलेले आहे. माणसे मात्र सगळी एकाच जातीची आहेत. कोणा माणसाचे हात गटारासाठी आणि कोणाचे पुस्तकासाठी घडलेले नसतात. मेलेले जनावर ओढण्याचे काम आपल्या आजा-पणज्यांवर निसर्गाने लादले नव्हते, गावाने लादले होते. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांनी निसर्गाचा कोणताही नियम मोडला नाही. माणसाने माणसावर घातलेले बंधन त्यांनी तोडायला लावले.

आजही नाल्यात, चेंबरमध्ये उतरणारे हात बहुतेक आपलेच असतात. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला आहे. गिधाडाला लेप्टोची भीती नसते, माणसाला असते. म्हणून नाला साफ करणाऱ्या प्रत्येकाला गमबूट, हातमोजे मिळाले पाहिजेत आणि पावसाळ्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने लेप्टो टाळणारी गोळीही मिळाली पाहिजे. ही मागणी दयेची नाही, हक्काची आहे. आपल्या घरात कोणी सफाईच्या कामावर असेल तर या पावसाळ्याआधी त्यांच्या पायाच्या भेगा आणि जखमा पाहाव्यात, आणि बूट मिळाले का हे विचारावे.

आपल्या हाती काय?

नदी एकट्याने शुद्ध होणार नाही, पण पुढच्या गोष्टी घरात आणि वस्तीत आजपासून करता येतात.

१. आठवड्याला एक कोरडा दिवस. आमच्या वर्गातल्या मुलांनी रविवार ठरवला आहे. विहारात येण्याआधी घरचे बॅरल घासून यायचे.

२. खरकटे झाकून ठेवावे आणि ओला-सुका कचरा वेगळा द्यावा. उंदीर आणि कुत्री कमी करण्याचा हाच पहिला उपाय आहे.

३. पाणी उकळून प्यावे. पूर ओसरल्यावर हौद-टाकी धुऊन, क्लोरीन टाकूनच वापरावी.

४. चिखलात अनवाणी जाऊ नये. मुलांना चप्पल घालायला लावावी. उघड्यावर शौचास बसू नये, बसू देऊ नये.

५. साप, घुबड, बेडूक, चतुर मारू नयेत. घरात साप शिरला तर सर्पमित्राला बोलवावे.

६. जनावर मेले तर उघड्यावर किंवा नदीत टाकू नये. ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला कळवून खोल खड्ड्यात पुरण्याची व्यवस्था मागावी.

७. आपल्या वस्तीतला नाला कुठे तुंबतो, कुठे पाइप गटारातून जातो, याची यादी करून ती सर्वांच्या सह्यांनी वॉर्ड ऑफिसला द्यावी. पोहोच घ्यावी.

मुलांसाठी प्रश्न

१. तुमच्या घराभोवतीचे पाच सजीव लिहा. कोण कोणाला खाते याचे बाण काढा. माणूस कुठे आला?

२. आपल्या गावातल्या सगळ्या धामणी मारल्या तर दोन वर्षांनी काय होईल? उत्तर उंदरावर थांबवू नका, दवाखान्यापर्यंत न्या.

३. केंदाळ काढले पण नाला तसाच ठेवला, तर पुढच्या उन्हाळ्यात काय दिसेल?

४. डासाचे एक सहजीवी, एक भक्षक किंवा एक परजीवी नाते शोधा आणि वर्गात सांगा.

कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण दूर केले तर परिणामही थांबतो, हे तथागतांनी दुःखाविषयी सांगितले. वस्तीतला ताप, कावीळ, डेंग्यू यांनाही तेच लागू आहे. हे नशीब नाही, कोणाचा कोप नाही. कारणे दिसतात, मोजता येतात आणि दूर करता येतात.

त्या दिवशी घाटावरून परतताना त्या मुलीने केंदाळाचे एक रोप पिशवीत घेतले. घरी बादलीत ठेवून किती दिवसांत दुप्पट होते ते ती मोजणार होती. आम्ही तिला बादलीवर जाळी बांधायला सांगितले आणि प्रयोग झाल्यावर रोप वाळवून टाकायला सांगितले, नाल्यात नाही. वाचकांपैकी कोणी असा प्रयोग केला तर हीच काळजी घ्यावी आणि आकडे आम्हाला कळवावेत.

जय भीम.